नामावली संपेपर्यंत

२०२३ च्या धनत्रयोदशीला, संध्याकाळच्या खेळाला, मी आणि माझा भाचा पुण्यातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये मार्व्हल या अमेरिकी स्टुडिओचा ‘द मार्व्हल्स’ हा सुपरहिरोपट पाहायला गेलो होतो. बाहेर पणत्या, लाह्या-बत्तासे आणि लक्ष्मीपूजनासाठी नव्या केरसुण्या घेणाऱ्यांची इतकी गर्दी होती की गाडी लावून आत पोहोचेपर्यंत सुरुवात चुकते की काय अशी धाकधूक वाटत होती. आत मात्र आमच्यासह अकरा माणसे होती. हा आकडा नेमका सांगता येतो, कारण राष्ट्रगीताला सगळे उभे राहिले तेव्हा मोजणे फार सोपे गेले. चित्रपट संपला, नामावलीच्या मध्यावर येणारे ठरलेले दृश्य येऊन गेले, त्यात एक्स-मेन या वेगळ्या सुपरहिरो-मालिकेतला निळा केसाळ बीस्ट दिसताच भाच्याने माझ्या दंडाला चिमटा काढला, आणि उरलेले नऊजण पॉपकॉर्नचे डबे खुर्च्यांतच सोडून निघून गेले. आम्ही दोघे बसून राहिलो. दिवे लागले होते, वातानुकूलन बंद झाले होते आणि थंड लोण्याचा तो जडसर वास आता अधिकच जाणवू लागला होता. तेवढ्यात पायऱ्यांवर एक सफाई कामगार येऊन उभे राहिले. पन्नाशीचे असावेत. एका हातात झाडू, दुसऱ्या हातात काळी मोठी पिशवी. त्यांनी आमच्याकडे पाहिले, पडद्याकडे पाहिले आणि विचारले, ‘‘अजून आहे का काही?’’

‘‘हो काका, असतं शेवटी,’’ भाचा म्हणाला. एवढ्या खात्रीने तो स्वतःच्या परीक्षेच्या निकालाबद्दलही कधी बोललेला मी ऐकलेला नाही. काका कठड्याला टेकून उभे राहिले आणि काळ्या पडद्यावरून वर सरकणारी ती पांढरी नावे आमच्याबरोबर पाहू लागले. बरीच मिनिटे गेली. शेवटी काळ्याच पडद्यावर एक आवाज आला. त्या चित्रपटातल्या मांजरासारख्या प्राण्याने घशातून काहीतरी ओकून काढल्याचा आवाज. दृश्य नाही, संवाद नाही, पुढच्या कथेची चाहूल नाही. पडदा विझला. काकांनी क्षणभर वाट पाहिली, मग पिशवी उघडत म्हणाले, ‘‘एवढ्यासाठी थांबलात होय?’’

टोमणा मारायचा असता तर मी तो हसून सोडून दिला असता. पण त्या ‘होय’मध्ये खरीखुरी हळहळ होती; रांगेत तासभर उभे राहून ऐन वेळी खिडकी बंद झालेल्या माणसाकडे आपण पाहतो तशी. भाचा हसला. घरी येताना गाडीवर मात्र तो काही बोलला नाही, आणि जो मुलगा एरवी हेल्मेटमधूनसुद्धा बडबडतो त्याचे गप्प बसणे मला पाठीमागून जाणवत राहिले.

त्या दिवशी मध्यंतरात समोशांच्या रांगेत उभे असताना त्याने मला कागदी रुमालावर एक आकृती काढून दिली होती. चित्रपटात नायिका तीन. त्यांपैकी कॅप्टन मार्व्हलला मी २०१९ साली चित्रगृहातच भेटलो होतो. मोनिका हिला तिच्या शक्ती मिळाल्या त्या ‘वांडाव्हिजन’ या मालिकेत, जी घरबसल्या पाहायची होती. तिसरी कमला खान हिची तर स्वतंत्र मालिका २०२२ मध्ये येऊन गेलेली, तीही घरबसल्या. मी दोन्ही पाहिल्या नव्हत्या. भाच्याने दोन्ही पाहिल्या होत्या, पण दुसरी दीडपट वेगाने. ‘‘अभ्यास म्हणून पाहिली रे,’’ असे तो म्हणाला. गंमत म्हणजे मला त्या चित्रपटात जिवंत वाटली ती कमलाच. जर्सी सिटीत राहणारी ही पाकिस्तानी वंशाची मुलगी स्वतःच कॅप्टन मार्व्हलची वेडी चाहती. आपली लाडकी नायिका प्रत्यक्ष समोर पाहून तिला आनंदाने बोलणे सुचत नाही. तिच्या वडिलांच्या भूमिकेत मोहन कपूर आहेत, ज्यांना आमची पिढी नव्वदच्या दशकात झी टीव्हीवरच्या ‘सांप सीढी’मुळे ओळखते, आणि त्यांना अशा चित्रपटात पाहून मला उगीचच शेजारचा कुणी परदेशी गेल्यासारखे वाटले. पण त्याहून विचित्र वाटले ते हे की त्या भल्यामोठ्या दालनात चाहतेपणाचा निखळ आनंद ज्या एकाच चेहऱ्यावर दिसत होता तो चेहरा पडद्यावर होता. खुर्च्यांत बसलेले आम्ही अकराजण हिशेब जुळवत होतो.

आणि मला सारखी आठवत होती ती एप्रिल २०१९ मधली सकाळ.

मार्व्हलच्या नायकांच्या अकरा वर्षांच्या कथेचा शेवट सांगणारा ‘एंडगेम’ २६ एप्रिलला आला. त्याच आठवड्यात पुण्याचे लोकसभेचे मतदान होऊन गेले होते आणि माझ्या बोटावरची शाई अजून गडद होती. भाच्याची दहावी संपलेली, निकाल लागायचा. ताईने ‘‘निकालाआधी काय ती मजा करून घ्या’’ असे म्हणून त्याला माझ्या हवाली केले होते. मागणी इतकी होती की काही शहरांत चित्रगृहे रात्रभर चालू होती. आम्हाला तिकिटे मिळाली ती भल्या पहाटेची. साडेपाचला बाहेर दूधवाले आणि फिरायला निघालेली मंडळी होती, आणि आत ढाल-हातोड्यांची चित्रे छापलेले टीशर्ट घातलेली, रात्रभर न झोपलेली शेकडो मुले. तीन तासांच्या त्या चित्रपटात कॅप्टन अमेरिका थॉरचा हातोडा उचलतो तो क्षण आला तेव्हा दालनात जे झाले त्याला मी टाळ्या म्हणणार नाही. माझ्या पुढच्या रांगेतला एक धिप्पाड मुलगा खुर्चीवर उभा राहून ओरडत होता आणि त्याचा आवाज फुटला होता. नंतर टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, गेला तेव्हा तोच मुलगा खांदे पाडून बसला होता. भाच्याने माझा हात धरला नाही, तो पंधरा वर्षांचा होता. पण त्याने स्वतःचा हात माझ्या हाताला लागून ठेवला आणि काढला नाही.

त्या दिवशीही सगळे बसून राहिले होते. अकरा वर्षांची सवय होती. नावे संपली की काहीतरी येते, पुढचा नायक, पुढचा खलनायक, निदान एखादा विनोद. त्या वेळीही दृश्य आले नाही, आवाजच आला. ठण, ठण, ठण. धातूवर हातोडा पडल्याचा. क्षणभर कुणाला कळले नाही. मग मागून कुणीतरी म्हणाले, ‘‘गुहा!’’ आणि अर्थ रांगारांगांतून पुढे सरकत आला : २००८ च्या पहिल्या ‘आयर्न मॅन’मध्ये टोनी गुहेत कैदी असताना आपले पहिले चिलखत ठोकून घडवतो, त्याचा तो आवाज होता. पुढे काय येणार हे सांगणारे काहीही नव्हते. जिथून निघालो त्या ठिकाणी आणून सोडले होते. लोक उठले ते फार सावकाश उठले, आणि बाहेर आलो तेव्हा ऊन चांगलेच चढले होते, वेळेचे भान गेलेले, लग्नघरातून दुपारी बाहेर पडल्यावर वाटते तसे.

दोन चित्रपट, दोन्हींच्या शेवटी काळ्या पडद्यावर एकेक आवाज, मध्ये साडेचार वर्षे. एकाने जगभरात सुमारे २८० कोटी डॉलर कमावले, दुसऱ्याने एकवीस कोटींच्याही आत, आणि मार्व्हलच्या या मालिकेतला तो सर्वांत कमी कमाईचा चित्रपट ठरला. या आकड्यांवर वाद घालणाऱ्यांनी पुष्कळ घातला आहे. मला छळत राहिले ते दुसरेच. दोन्ही वेळा आम्ही सारख्याच निष्ठेने थांबलो होतो, आणि निष्ठेचा मोबदला म्हणून दुसऱ्या वेळी जे हाती पडले त्याची हळहळ आमच्या आधी झाडू घेऊन उभ्या असलेल्या माणसाला वाटली.

थांबण्याची ही सवय आम्हाला लागली कशी हे सांगताना मला थोडे ओशाळायला होते, कारण या सगळ्याची सुरुवात ज्या दृश्याने झाली ते मी पाहिलेच नव्हते. २००८ मध्ये ‘आयर्न मॅन’ पाहिला तेव्हा नावे सुरू होताच दरवाजे उघडले गेले, दिवे लागले आणि थोड्याच वेळात प्रक्षेपकही बंद झाला. तेव्हा आपल्याकडे नामावली पूर्ण दाखवण्याची रीतच नव्हती. निक फ्युरी अंधारातून पुढे येऊन टोनीला एका संघाबद्दल सांगतो, हे मला कित्येक आठवड्यांनी एका मित्राकडून कळले. केवढी चुटपुट लागली होती! पुढच्या प्रत्येक वेळी मी थांबलो, त्यात त्या चुटपुटीचा वाटा मोठा आहे. एकेका चित्रपटाच्या शेवटी एकेक धागा सोडायचा आणि २०१२ च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये सगळे धागे एका गाठीत आणायचे, ही कल्पना तेव्हा खरोखर नवी होती, आणि ती आम्हाला भुलवून गेली याची मला आजही लाज वाटत नाही. पण हळूहळू असे झाले की चित्रपट पाहताना लक्ष शेवटाकडे राहू लागले. समोरच्या पानातल्या पदार्थांपेक्षा पंगतीत पुढे काय वाढायला येते आहे याकडेच डोळे. भाचा नऊ-दहा वर्षांचा असताना एकदा चित्रपट कसा होता असे मी विचारले, तर त्याने मला पुढचा चित्रपट कसा असेल ते सांगितले होते.

आता त्याच्या मित्रमंडळात याच विषयावर भांडण चालते, आणि मी त्याचा नियमित साक्षीदार आहे, कारण ते भांडण आमच्या घराजवळच्या अमृततुल्यासमोर, माझ्याच पैशाच्या चहावर होते. एक मुलगा ठामपणे म्हणतो की ‘एंडगेम’ला सगळे संपले, त्यानंतरचे त्याने पाहणेच सोडले आहे, तरी त्यानंतरच्या प्रत्येक चित्रपटातले दोष त्याला तपशिलाने माहीत असतात. एक मुलगी त्याला दर वेळी ‘लोकी’ मालिका आणि ‘गार्डियन्स’चा तिसरा भाग तोंडावर फेकून मारते, आणि माझ्या मते ती बरोबर आहे, त्या तिसऱ्या भागातल्या पिंजऱ्यात कोंडलेल्या प्राण्यांच्या गोष्टीने मला जितके हलवले तितके फार थोड्या ‘गंभीर’ चित्रपटांनी हलवले असेल. तिसरा डीसीवाला, म्हणजे मार्व्हलच्या प्रतिस्पर्धी कंपनीचा चाहता, त्यातही दिग्दर्शक स्नायडरवाला. चाहत्यांनी वर्षानुवर्षे मागणी लावून धरल्यामुळे झॅक स्नायडरची चार तासांची ‘जस्टिस लीग’ २०२१ मध्ये बाहेर आली, हा त्याच्या लेखी मोहीम फत्ते झाल्याचा दिवस. नंतर जेम्स गन या दिग्दर्शकाने डीसीचे सगळे पहिल्यापासून सुरू केले तेव्हा नव्या ‘सुपरमॅन’ला जायचे नाही अशी त्याने शपथ घेतली होती, २०२५ च्या जुलैत तो पहिल्याच आठवड्यात जाऊन आला आणि खाली मान घालून म्हणाला, ‘‘कुत्रा चांगला आहे.’’

या वादात एकदा मीही तोंड घातले. म्हटले, कुठलीही गोष्ट कधीतरी संपायला हवी. संपतच नाही म्हणून लोक कंटाळले आहेत. त्यावर ती मुलगी ताडकन म्हणाली, ‘‘काका, गणपती दर वर्षी येतो. तुम्ही कंटाळता? वर ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणून ओरडता.’’ सगळे हसले आणि मला उत्तर सुचले नाही. ते सुचले रात्री, गॅस बंद आहे ना पाहताना. येतो खरा, पण तो जातोही. दहा दिवस घरात ऊदबत्तीचा वास, आरतीचा गोंगाट, आणि अनंत चतुर्दशीनंतर रिकामा पाट. त्या रिकाम्या पाटामुळे तर पुढच्या भाद्रपदाची ओढ लागते. ‘एंडगेम’नंतर, एका स्पायडरमॅनचा अपवाद सोडला तर, दीडेक वर्ष तसा पाट रिकामा राहिला होता, थोडा साथीमुळेही राहिला, आणि २०२१ च्या जानेवारीपासून त्यावर एकामागून एक मूर्ती येऊन बसू लागल्या. दोन वर्षांच्या आत सात चित्रपट, आठ मालिका आणि दोन विशेष भाग. मार्व्हलची मालक कंपनी डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनीच पुढे मान्य केले की या भरमारीमुळे लक्ष विभागले गेले, आणि २०२४ मध्ये वर्षाला दोनच मालिका आणि दोन, फार तर तीन चित्रपट असे नवे प्रमाणही सांगितले. हे ऐकून चहावर जल्लोष झाला होता. मला मात्र आजी आठवली. नातवाचे पोट बिघडल्यावर ती उद्यापासून लाडू दोनच म्हणायची, आणि डबा मात्र खालच्याच फळीवर ठेवायची.

नायक अमर असावा की नाही, हा प्रश्न आमच्या घरात मार्व्हलच्या फार आधी आला होता. बाबांकडे इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक होते, सुतळीने बांधलेले, कडा पिवळ्या पडलेले, पान उलटताना बोटांना भुकटी लागणारे. त्यांतला वेताळ मला प्राणप्रिय होता. जंगलातल्या लोकांना तो शेकडो वर्षे जगणारा अमर पुरुष वाटतो. वाचकाला मात्र आतले गुपित ठाऊक असते. बाप मरतो, मुलगा तोच मुखवटा चढवतो, तीच कवटीची अंगठी घालतो, आणि आपण वाचतो आहोत तो एकविसावा. लहानपणी मला त्या आधीच्या वीस जणांबद्दल वाईट वाटे. वेताळाच्या कपारीत ते ओळीने निजलेले आहेत, हे बाबांनी मला एका दुपारी चित्र दाखवून सांगितले होते आणि मी विचारले होते, ‘‘मग आताचा मेला तर?’’ बाबा म्हणाले, ‘‘मग त्याचा मुलगा. तुला कळणारसुद्धा नाही.’’

तुला कळणारसुद्धा नाही, ही वेताळाची सोय सिनेमाला नाही. चित्रातल्या मुखवट्यातून वेताळाचे डोळेही दिसत नसत. सिनेमाने आम्हाला विकले ते चेहरेच. ‘एंडगेम’च्या शेवटी म्हातारा झालेला कॅप्टन अमेरिका, स्टीव्ह रॉजर्स, आपला सहकारी सॅम विल्सनच्या हाती ढाल देतो, तो वेताळाच्या घराण्याला शोभणारा प्रसंग आहे. पण २०२५ मध्ये सॅम ती ढाल घेऊन मोठ्या पडद्यावर नायक म्हणून आला तेव्हा चहावर पहिले वाक्य पडले ते ‘‘हा आपला कॅप्टन नाही’’. काम वाईट झाले असे कुणी म्हणत नव्हते. आठ वर्षांच्या सवयीचा चेहरा तिथे नव्हता, एवढाच गुन्हा. आणि याच्या अगदी उलट टोकाला वाकांडाचा राजा टचाला, म्हणजे ‘ब्लॅक पँथर’, साकारणारा चॅडविक बोसमन. तो २०२० मध्ये खरोखरच गेला. स्टुडिओने टचालाच्या भूमिकेसाठी दुसरा नट घेतला नाही. चाहत्यांत तेव्हाही दोन तट पडले होते. भूमिका माणसापेक्षा मोठी, ती पुढे चालू ठेवा, असे म्हणणारे पुष्कळ होते आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पण ‘वाकांडा फॉरएव्हर’च्या सुरुवातीला सगळे वाकांडा पांढऱ्या वस्त्रांत अंत्ययात्रेला निघाले आणि मार्व्हलचे बोधचिन्ह एरवीच्या गजराशिवाय, नुसत्या त्याच्या चित्रांनी भरून, मुक्याने येऊन गेले, तेव्हा आमच्या दालनात पॉपकॉर्नचासुद्धा आवाज नव्हता. खरे मरण आणि खोटे मरण यांत चित्रगृहातले लोक किती अचूक फरक करतात हे मला तेव्हा कळले.

आणि तरीही, कुणी परत आले की आम्हाला हवेच असते. २०२१ च्या डिसेंबरात, महाराष्ट्रात एकाआड एक खुर्ची रिकामी ठेवून चित्रगृहे चालू होती तेव्हा, ‘नो वे होम’मध्ये जुने दोन्ही स्पायडरमॅन परत आले आणि अर्ध्या भरलेल्या दालनाने पूर्ण भरलेल्याइतका आवाज केला. मीही मास्क हनुवटीवर ओढून ओरडलो होतो. म्हणून मला या वादात न्यायाधीश होता येत नाही.

२०२४ च्या जुलैतला तो शेवटचा आठवडा. २५ तारखेला धो धो पाऊस, खडकवासल्यातून सोडलेले पाणी, आणि सिंहगड रस्त्यावरच्या कित्येक सोसायट्यांत ते शिरलेले. ताईची सोसायटी त्यांतलीच. रविवारी सकाळी मी मदतीला गेलो तेव्हा गच्चीवर अख्ख्या सोसायटीचा संसार वाळत पडला होता : गाद्या, सतरंज्या, कुणाची लग्नाची अल्बमे, कुणाचे तंबोऱ्याचे फुगलेले खोके. खालच्या खोलीतले भाच्याचे दोन पेटारेही त्यात होते. त्यांतून निघालेल्या ‘एंडगेम’च्या छापील डब्यात चिखल भरला होता आणि तो डबा तो काथ्याने घासत बसला होता, का ते मी विचारले नाही. तेवढ्यात त्याच्या फोनवर चित्रफीत आली. अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या कॉमिक्स-मेळाव्यात हिरवे झगे आणि मुखवटे घातलेली माणसे रांगेने उभी, त्यांतला मधला मुखवटा काढतो, आणि आत रॉबर्ट डाउनी ज्युनियर. टोनी स्टार्क नव्हे, खलनायक डॉक्टर डूम. आधी ठरलेल्या खलनायकाचा नट कोर्टकचेरीत अडकल्यावर स्टुडिओने त्याला काढले होते, पुढच्या ‘अ‍ॅव्हेंजर्स’पटाचे नावही बदलून ‘डूम्सडे’ झाले होते, आणि ज्याच्या मरणावर तो सारा महाल उभा होता त्यालाच मुखवटा घालून परत बोलावले होते. तिथला जमाव वेडापिसा झाला होता. भाच्याने चित्रफीत दोनदा पाहिली, फोन कोरड्या सतरंजीवर ठेवला, आणि हात पुसत म्हणाला, ‘‘मामा, मला आनंद व्हायला पाहिजे ना?’’

मी म्हटले, झाला नाही का? तो म्हणाला, ‘‘झाला. म्हणूनच विचारतोय.’’

त्याच शुक्रवारी ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ लागला होता. पाणी ओसरल्यावर पंधरा दिवसांनी आम्ही तो पाहिला. २०१७ मध्ये ज्याला अतिशय करुण, अतिशय शांत मरण दिले होते त्या लोगनची, म्हणजे वुल्व्हरिनची, कबर पहिल्याच प्रसंगात उकरली जाते आणि त्याच्या हाडांनी मारामारी केली जाते. भाचा पोट धरून हसत होता. मीही हसलो, आणि हसता हसता वाटले की इतका निर्लज्ज प्रामाणिकपणा फार कमी वेळा पाहायला मिळतो. कॉमिक्सच्या धंद्यात हे नवे नाही. १९९२ मध्ये सुपरमॅनला मारून पुढच्याच वर्षी परत आणले होते. ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ १३० कोटी डॉलरच्या वर गेला. उकरलेल्या हाडांना गिऱ्हाईक आहे. ‘डूम्सडे’ची तारीख आधी १ मे २०२६ होती, ती सरकून १८ डिसेंबर झाली, आणि तारीख सरकल्याचे कळताच भाच्याच्या गटावर जी हळहळ उमटली ती पाहिली असती तर हे लोक थकले आहेत असे कुणी म्हटले नसते.

२०२५ च्या जुलैच्या शेवटी आम्ही ‘फँटास्टिक फोर’ पाहिला. मला आवडला. साठच्या दशकाचे कल्पित न्यूयॉर्क, एक कुटुंब, एक बाळंतपण, आणि आधीचे काही पाहिलेले असण्याची सक्ती नाही. भाच्याची पदवी झाली होती आणि तो नोकरीच्या रुजू होण्याच्या पत्राची वाट पाहत होता. दर अर्ध्या तासाने फोन उलटा करून ई-मेल पाही. नामावलीच्या मध्यावर ते दृश्य आले : लहानग्यासमोर गुडघे टेकलेली हिरव्या झग्यातली पाठमोरी आकृती, हातात मुखवटा. दालनात दोन-चार शिट्ट्या झाल्या. भाच्याने पिशवी खांद्याला लावली. ते दृश्य त्याने आदल्याच रात्री कुणीतरी चोरून टिपलेल्या चित्रफितीत पाहिले होते. ‘‘चल मामा, पुढे फक्त कार्टून आहे.’’ मी म्हटले, तू हो पुढे, मी येतो. तो गेला, बाहेर त्याला रेंज मिळणार होती.

मी का थांबलो ते सांगता येत नाही. पुढच्या कथेची मला उत्सुकता नव्हती आणि कार्टूनची तर नव्हतीच. नावे वर सरकत होती, आधी मोठी, मग लहान, मग चार-चार स्तंभांत दाटीने, व्हीएफएक्सवाल्यांची, म्हणजे संगणकावर दृश्ये घडवणाऱ्यांची. या चित्रपटांतले बरेच काम मुंबईतल्या स्टुडिओंत होते हे मला ठाऊक आहे. चहावर जेव्हा ‘‘काय भंगार व्हीएफएक्स’’ म्हणून हसतात तेव्हा ती रात्रपाळी कुणाची होती हे कुणी विचारत नाही. २०२३ च्या सप्टेंबरात मार्व्हलच्या स्वतःच्या व्हीएफएक्स कर्मचाऱ्यांनी एकमताने कामगार संघटनेच्या बाजूने मत दिले, ती बातमी त्या चहावर अर्धा मिनिटही टिकली नव्हती. मी वाचायचा प्रयत्न करत होतो. एखादे आडनाव ओळखीचे वाटे, आणि नीट वाचून होण्याआधी ते वर निघून जाई.

दिवे लागले. पायऱ्यांवर झाडू घेऊन एक तरुण मुलगी उभी होती, वीस-बावीसची, कानात एकच इअरफोन. मला घाई करायला सांगावे की नाही या विचारात असावी. मग माझी नजर कुठे आहे ते तिने पाहिले.

‘‘ओळखीचं आहे का कुणी यात?’’

‘‘बघतोय,’’ मी म्हणालो.

तिने झाडू खुर्चीला टेकवला, कानातला इअरफोन काढला आणि मान वर करून तीही वाचू लागली, ओठ हलवत, इंग्रजी अक्षरे जुळवत. थोड्या वेळाने तिने बोट दाखवले.

‘‘ते बघा, पाटील गेलं एक.’’

मला दिसले नव्हते.